कोनशिलेचं पाणी

मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासात आमच्या कंपनीचं नाव सुवर्णाक्षरांनी कोरलं गेलं आहे. वाक्य माझं नाही. कंपनीच्या स्मरणिकेतलं आहे, आणि पहिलंच आहे. त्यातल्या मजकुराची खात्री मात्र मी देऊ शकतो, कारण ती अक्षरं मी पाहिली आहेत. काळ्या ग्रॅनाइटवर होती, बोटभर उंचीची, आणि त्यांत सोनेरी रंग भरायला पेंटरला दोन दिवस लागले होते.

ही कोनशिला गेटाशी बसवून तीन महिने झाले होते, तेव्हा एका सकाळी माझ्या टेबलावर एक खोकं येऊन पडलं. आत आमचेच कपॅसिटर होते. परत आलेले.

कपॅसिटर म्हणजे काय ते आधी सांगतो. गच्चीवरची टाकी पाण्याचं जे करते तेच हा विजेचं करतो. येईल तेव्हा साठवतो, लागेल तशी सोडतो. टीव्ही-रेडिओचं मागचं झाकण उघडलं की करंगळीच्या पेराएवढ्या गोल डब्या उभ्या दिसतात, त्या ह्या. आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या असतात, मध्ये कागद. ही गुंडाळी रसायनात भिजवायची, ॲल्युमिनियमच्या डबीत बसवायची, वर रबरी बूच आणि कडा दाबून बंद. ऐकायला पानाची सुरळी करण्याइतकं सोपं आहे. आम्हालाही पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं.

कंपनीचे मालक अप्पा. लातुरातल्या जुन्या डाळमिलवाल्या घरातले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, आणि हिशेबाची वही उघडण्याआधी ‘शिव शिव’. ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये कसे आले याला स्मरणिकेत ‘दूरदृष्टी’ असा शब्द आहे. मी ऐकलं ते असं: सरकारनं मागास भागातल्या नव्या कारखान्यांना सवलती जाहीर केल्या. अप्पा दुसऱ्या डाळमिलचा अर्ज घेऊन गेले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, डाळमिलची यादी भरली. अप्पांनी विचारलं, कशाची न्हाई भरली? कारकुनानं यादीवरून बोट खाली आणलं आणि ‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दावर थांबवलं. बाकीची दूरदृष्टी नंतर आली.

सुरुवात आठ बायका, हातानं फिरवायची दोन वाइंडिंग मशिनं आणि मी, एवढ्यावर झाली. माझ्याकडे क्वालिटी कंट्रोल. माल खपायचा तो नांदेड, उदगीर, हैदराबादच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे. मग घरोघरी टीव्ही येऊ लागले आणि पुण्याकडच्या एका टीव्ही कंपनीनं आमचा मोठ्या मापाचा कपॅसिटर घ्यायला सुरुवात केली. दुसरी शेड उभी राहिली. जनरल मॅनेजर म्हणून सबनीस साहेब आले. त्यांनी मुंबईत फार मोठ्या कंपनीत काम केलं होतं आणि हे लातुरात कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावात ज्याला त्याला ‘जिल्हा’ हा शब्द लावून पाहायची हौस होती. न्हाव्याच्या दुकानाचंसुद्धा ‘जिल्हा केशकर्तनालय’ झालं होतं. आम्ही ‘जिल्ह्यातला पहिला इलेक्ट्रॉनिक कारखाना’ होतो. दुसरा नव्हता. मी मूळचा कंधारचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला, म्हणून अप्पा मला ‘जुन्या जिल्ह्याचे साहेब’ म्हणायचे. त्यात थोडा आदर होता आणि बरीचशी कीव.

जिल्हा नवा होता, पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी झाला नव्हता. कलेक्टर कचेरीच्या नव्या कोऱ्या पाटीखाली घागरींची रांग लागायची. शहराला पाणी टँकरनं येई. आमच्या कारखान्यालाही.

तर ते खोकं. सोबत टीव्ही कंपनीचं पत्र होतं. तुमचे कपॅसिटर लावलेले सेट गिऱ्हाइकाच्या घरी महिना-दोन महिन्यांत बंद पडत आहेत. आमचे इन्स्पेक्टर सोमवारी येतील. त्याआधी कारण शोधून लेखी द्यावं. तोवर पुढचा माल पाठवू नये.

मी एक डबी कापून उघडली. पट्टीला जोडलेली तार मुळाशी कुरतडली गेली होती, भोवती पांढरी भुकटी. हे दृश्य पुस्तकात पाहिलं होतं. क्लोराइड. साध्या मिठातला अर्धा भाग तोच असतो. माणसाला तो लागतो, ॲल्युमिनियमला चालत नाही. डबीत एवढासा जरी राहिला तरी तो घाई न करता आतून खात बसतो. आमच्या कारखान्यात माल पास होतो, गिऱ्हाइकाच्या घरी दम तोडतो.

अप्पांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मी कापलेली डबी टेबलावर ठेवली आणि क्लोराइड म्हटलं. सबनीस साहेबांनी चष्मा पुसला.

“क्लोराइडचा सोर्स एकच. ह्यूमन स्वेट.”

“म्हंजे?” अप्पांनी विचारलं.

“घाम, अप्पासाहेब. वाइंडिंगच्या बायकांच्या हातांचा घाम. उन्हाळा आहे, लाइट जाते, एसी बंद पडतो.”

“बोटाला टोप्या घालत्यात की त्या.”

“घालतात का, हाच प्रश्न आहे. परत आलेल्या सगळ्या मालाची कार्डं मी काढली. सगळ्यांवर एकच सही. मशिन नंबर चार. शकुंतला सोनकांबळे.”

ह्या कार्डांबद्दल सांगायला हवं. मालाच्या प्रत्येक ट्रेबरोबर एक पिवळं कार्ड फिरायचं. त्यावर तारीख, माप, मशिन नंबर आणि गुंडाळी करणाऱ्या बाईची सही. फक्त तिचीच. पुढे तो माल भिजवणारे, डब्या धुणारे, बूच बसवणारे, तपासणारे, सगळे बिनसहीचे. कार्ड आम्ही छापलं तेव्हा कारखान्यात गुंडाळी सोडून दुसरं फारसं काही नव्हतं. कारखाना वाढला. कार्ड तेवढंच राहिलं.

सबनीस साहेबांनी कारणे दाखवा नोटीस टाइप करूनच आणली होती. ‘अस्वच्छ हातांनी उत्पादनाची हाताळणी.’ सोमवारी इन्स्पेक्टर यायच्या आत तिला कमी करायचं. त्यासाठी माझा रिपोर्ट हवा होता, ‘ऑपरेटर हँडलिंग’ असं लिहून सही केलेला. टीव्ही कंपनीच्या फॉर्मवर दोन रकाने होते, रूट कॉज आणि ॲक्शन टेकन. पहिल्या रकान्यात एखादं माणूस बसवलं की दुसरा आपोआप भरतो.

“शनिवारपर्यंत द्या,” सबनीस म्हणाले.

मी हो म्हणालो. घामाचं शास्त्र बरोबर होतं. मी नाही कशाला म्हणणार?

मशिन नंबर चारवर गेलो तेव्हा शकुंतलाबाई बोटांवर रबरी टोप्या चढवत होत्या. पहिल्या आठ बायकांपैकी त्या एक. सातवी पास, हात इतका हलका की त्यांची गुंडाळी मी डोळे मिटून पास करायचो. नवरा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचा. ते काम आठवड्यात कधी असे, कधी नसे. घरात सासू, दोन मुली, आणि खात्रीचा पगार हा एकच. पुढच्या महिन्यात त्या कायम होणार होत्या.

“नोटीस मिळाली?” मी विचारलं.

“मिळाली की. वाचली पन. ‘अस्वच्छ हात’ लिवलंय. बोर्डावर बी लावलीय.”

“तुमचं काय म्हणणं आहे?”

“माजं म्हननं कोन लिवून घेतंय? तुमी घेता का?” हात थांबला नव्हता. “स्टोअरची वही बघा साहेब. दिसाला बारा टोप्या उचलते मी. बाकीच्या बाया सहा. स्टोअरवाला म्हनतो, बाई, चटणी करून खाता का काय ह्याची?”

“मग फक्त तुमचाच माल का परत आला?”

“मोठं माप माज्याच मशिनवर हाय. टीव्हीवाल्याला तेच जातंय. बारीक माप रेडिओवाल्यांला. त्ये काय पत्र लिवतेत? खराब निघाला की फेकत्यात आन दुसरा लावून गिऱ्हाइकाकडून दोनदा घेत्यात.”

हे मला सुचायला हवं होतं. मी मान हलवली, जणू सुचलेलंच होतं.

“आन साहेब, येक सांगू? राग मानू नका.” आता हात थांबले. “आमच्या हाताचं आन पान्याचं भांडन लई जुनं हाय. आमच्या आज्याचा हात लागला की पानी बाटायचं. दर येळी हाताचीच चौकशी झाली. ह्या येळी आधी पानी बघा. मग हात बघा.”

शेजारच्या मशिनवरची बाई खाली मान घालून हसली. मी हसलो नाही. कार्डं घेऊन टेबलावर आलो आणि विचार करू लागलो. पाणी मी पाहिलं होतं का? नव्हतं. मी पाण्याचं मीटर पाहिलं होतं. रोज सकाळी, नियमानं, सही करून.

डब्या आणि बुचं माल भरण्याआधी धुवावी लागतात. साध्या पाण्यानं नाही, डीएम पाण्यानं. टँकरच्या पाण्यातले सगळे क्षार काढून टाकले की जे उरतं ते डीएम. ते काढायचा छोटा प्लांट शेडच्या मागे होता. दोन उंच नळकांडी, आत राळेचे दाणे, खालून तोटी, तोटीला पाणी किती शुद्ध ते दाखवणारं मीटर. त्या दुष्काळात आमच्या त्या तोटीतून जे पाणी पडायचं तितकं शुद्ध पाणी अख्ख्या जिल्ह्यात कुठे नसेल. मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात असायचा. मी सही करायचो.

सिल्व्हर नायट्रेट नावाचं एक औषध असतं. पाण्यात त्याचा थेंब टाकला आणि क्लोराइड असेल तर पाणी दुधट होतं. नसेल तर तसंच राहतं. ह्याहून सरळ बोलणारं रसायन मी पाहिलेलं नाही. बाटली आणि चार परीक्षानळ्या घेऊन मी निघालो.

प्लांटच्या तोटीचं पाणी: स्वच्छ.

डब्या धुण्याच्या विभागातल्या नळाचं पाणी: दूध.

दोन्हींच्या मध्ये पंधरा पावलांचं अंतर आणि चौथऱ्यावरची एक टाकी. एवढ्यात पाण्याला काय झालं? लोखंडी शिडीवरून वर चढलो. टाकीच्या झाकणाला एक खाच पाडलेली होती आणि त्यातून एक हिरवा रबरी पाइप आत सोडलेला होता. नीट सुतळीनं बांधून. पाइपचा माग काढत खाली आलो तर तो टँकर रिकामा करायच्या हौदात गेलेला. हौदाच्या कडेला, सावलीत, प्लांटचे ऑपरेटर गफूरभाई उर्दू पेपर वाचत बसले होते. वय साठीला टेकलेलं, दाढीला मेंदी, कारखान्यातला सगळ्यांत नियमित माणूस.

“गफूरभाई, हा पाइप कशाला?”

“कौनसा पाइप साब?”

“हाच. टाकीत गेलाय तो.”

“ओ क्या! ओ लाइन बंद नक्को म्हनून.” त्यांनी पेपरची घडी घातली. “देखो साब, प्लांट दिनभर में छे ड्रम पानी देता. चार उधर जाते. दो में लाइन चलती क्या? तो मैं सबनीस साब कू बोला, साब, टाकी में थोडा टँकर का छोडूं क्या? वो बोले, गफूर, मला डिटेल्स सांगू नको, लाइन थांबता कामा नये. तो डिटेल नहीं सांगा.”

“मला तरी सांगायचं.”

“तुम तो रोज मीटर देखके सही करते थे साब. मैं समझा, तुमकू मालूम है.”

मीटर टाकीच्या आधी होतं. पाइप टाकीत होता.

“आणि चार ड्रम जातात कुठे?”

“पत्थर कू.”

“कशाला?”

“पत्थर कू साब. गेट पे.” त्यांनी भिंतीवरच्या तारेच्या आकड्याकडे बोट केलं. आकड्याला चिठ्ठ्यांची जाडजूड चळत टोचलेली होती. वरची काढून मी वाचली. ‘कोनशिला व कारंजे यासाठी चार ड्रम डीएम पाणी देणे. तातडीचे.’ खाली सबनीस साहेबांची सही. तिच्याखालची चिठ्ठीही तीच. त्याखालचीही. तीन महिन्यांच्या, रोजची एक, रविवार धरून. सगळ्या तातडीच्या.

आता कोनशिलेकडे यायला हवं. नव्या शेडचं लोकार्पण पालकमंत्री करणार होते. त्यासाठी कर्नाटकातून काळा ग्रॅनाइट आला, अक्षरं कोरली गेली, भोवती छोटा हौद आणि कारंजं बांधलं गेलं. मंत्री येणार म्हणून सगळं तयार झालं आणि त्यांचा दौरा पुढे ढकलला गेला. ते दुष्काळाची पाहणी करत होते. मग पुन्हा ढकलला गेला. मंत्र्यांच्या कचेरीतून एवढंच सांगत: जिल्ह्यात आहेत, कधीही येतील. कधीही येतील म्हणून कारंजं रोज चालू ठेवायचं. पण टँकरचं पाणी जड. त्याचे तुषार ग्रॅनाइटवर उडून वाळले की पांढरे डाग पडत, आणि दोन दिवसांत दगडाला कोड फुटल्यासारखं दिसे. सबनीस साहेब अनुभवी माणूस. डाग न पाडणारं पाणी कारखान्यात कुठे मिळतं ते त्यांना माहीत होतं. उन्हाळ्याचे दिवस. हौदातलं पाणी संध्याकाळपर्यंत अर्धं उडून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार ड्रम.

मी गेटाशी जाऊन हौदात परीक्षानळी बुडवली. वॉचमन बघत होता. “साहेब, ते पाणी पिऊ नका, मंत्र्याचं हाय,” तो म्हणाला.

थेंब टाकला. पाणी तसंच राहिलं. लख्ख.

शुक्रवारी दुपारी मी अप्पांच्या केबिनमध्ये दोन नळ्या घेऊन गेलो. सबनीस साहेब होतेच. दोन्हींत पाणी सारखं दिसत होतं. मी अप्पांच्या समोर एकेक थेंब टाकला. एक दुधट झाली, एक तशीच राहिली.

“ह्ये कुठलं?” अप्पांनी दुधट नळीकडे बोट केलं.

“ह्या पाण्यानं आपण डब्या धुतो.”

“आन ह्ये साफ?”

“गेटावरच्या कारंज्यातलं.”

अप्पा बराच वेळ दोन्ही नळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. डाळ पारखणारा माणूस दाणा तळहातावर फिरवून बघतो, तसे.

“म्हंजे,” ते सावकाश म्हणाले, “दगूड डीएमनं धुतोय, आन माल टँकरनं?”

“अप्पासाहेब, दौऱ्याच्या दृष्टीनं कोनशिलेचं प्रेझेंटेशन...” सबनीस साहेबांनी सुरुवात केली.

“मीच म्हनलो हुतो,” अप्पा म्हणाले. “डाग दिसू नयेत म्हून. तुमाला मीच म्हनलो.”

केबिनमध्ये पंखा नव्हता फिरत. लाइट गेली होती. सबनीस साहेबांनी स्वतःला सावरलं. ते मूर्ख नव्हते, आणि पुढे ते जे बोलले ते धंद्याच्या हिशेबानं चुकीचं नव्हतं.

“पाणी आजच दुरुस्त करू. पाइप काढून टाकू. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. पण लिहायचं काय? ‘आम्ही टँकरच्या पाण्यानं माल धुतला’ असं लिहिलं तर ते म्हणतील, ह्यांचा सगळा प्लांटच बेभरवशाचा. ॲप्रूव्हल जाईल. ॲप्रूव्हल गेलं की नवी शेड बंद, साठ माणसं घरी. उलट एक ऑपरेटर... सगळ्यांना समजणारं कारण आहे. साठ माणसांसाठी एक.”

“आणि ती एक?” मी विचारलं.

“तिला मी दुसरीकडे कुठेतरी लावून देईन.”

“कुठं?” अप्पांनी विचारलं. “दुष्काळ हाय भाईर. कुठं लावता? खडीवर?”

अप्पा माझ्याकडे वळले.

“साहेब, सही तुमची हाय. तुमी काय लिवनार?”

“पाणी,” मी म्हणालो.

माझ्या धैर्याबद्दल गैरसमज नको. नांदेडच्या एका कॉलेजात मी नोकरीचा अर्ज टाकलेला होता आणि तिथून बोलावणं येईल अशी माझी खात्री होती. ते कधीच आलं नाही. पण त्या शुक्रवारी ती खात्री चांगलीच उपयोगी पडली. शिवाय तीन महिने मीटर बघून सही करणारा मीच होतो. शकुंतलाबाईंचे हात अस्वच्छ ठरले असते, तर माझ्या सहीचं काय ठरवायचं हा प्रश्न आयुष्यभर राहिला असता.

अप्पा खुर्चीतून उठले. खिडकीतून कारंजं दिसत होतं. लाइट नसल्यामुळे बंद.

“डाळीला तेलपानी मारून चमक आनत्यात लोकं,” ते म्हणाले. “तीस वर्सं मिल चालवली, मी न्हाई मारलं. आन हितं दगडाला मारून बसलो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लिवा. जातंय ते जाऊ द्या.”

संध्याकाळच्या आत त्यांनी शकुंतलाबाईंना बोलावलं. स्वतःच म्हणाले, “बाई, तुमचा दोष न्हाई. नोटीस रद्द. आता बिनघोर काम करा.”

शकुंतलाबाई उभ्याच होत्या. “अप्पा, नोटीस कागदावर दिली हुती.”

“हाव.”

“मग रद्द बी कागदावर द्या. आन बोर्डावर लावा. ‘अस्वच्छ हात’ बोर्डावर चार दिस होतं. सगळ्यांनी वाचलंय.”

सबनीस साहेब म्हणाले, “अशी पद्धत नाही.”

“पद्धत तर कार्डाची बी लई चांगली हाय साहेब,” बाई म्हणाल्या. “सही माजी येकटीची. धुनाऱ्याची घ्या. बूच लावनाऱ्याची घ्या. पानी भरनाऱ्याची घ्या. मीटर बघनाऱ्याची बी घ्या. मग कुनाला नोटीस द्यायची ते तुमचं तुमाला कळंल.”

मीटर बघणारा तिथेच उभा होता. त्यानं मान डोलावली.

कागद टाइप झाला. बोर्डावर लागला. जुनी नोटीस लावली होती त्याच खिळ्याला.

सोमवारी टीव्ही कंपनीचे इन्स्पेक्टर आले. राव नावाचे कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला. रूट कॉज: धुण्याच्या पाण्यात क्लोराइड, टाकीत टँकरचं पाणी मिसळल्यामुळे. ॲक्शन टेकन: पाइप काढला, मीटर टाकीच्या पुढे बसवलं, धुण्याच्या पाण्याची रोज सिल्व्हर नायट्रेटनं तपासणी, कार्डावर प्रत्येक टप्प्याची सही, तीन महिन्यांतला सर्व माल परत घेणार.

“तुमचं डीएम पाणी कमी का पडलं?” रावांनी विचारलं.

“बांधकामाकडे वळवलं होतं,” मी म्हणालो.

राव खिडकीतून बाहेर बघत होते. कोरडा हौद, मध्ये कारंज्याची नळी, मागे कोनशिला. मला वाटलं, संपलं.

“बारा वर्षं हे काम करतोय,” ते अखेर म्हणाले. “रूट कॉजमध्ये आजवर फक्त ऑपरेटर वाचले. एका ठिकाणी तर अशी ऑपरेटर होती जी त्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवर होती.” त्यांनी रिपोर्टवर सही केली. सहा आठवडे प्रत्येक लॉट तपासून घेऊ, मग बघू, असं ठरलं. सहा आठवड्यांनी ॲप्रूव्हल कायम झालं. सहा महिन्यांनी ऑर्डर दुप्पट झाली.

मधल्या काळात मंत्री आले. रावांच्या भेटीनंतर चारच दिवसांनी, कुणालाही न कळवता, पाहणीवरून परतताना. कारंजं कोरडं होतं. मधे कुणीतरी टँकरच्या पाण्यानं धुतल्यामुळे कोनशिलेवर पांढरे डाग पडले होते, ते वॉचमननं गडबडीत खोबरेल तेलानं पुसले. सबनीस साहेबांनी घाईघाईनं लिहिलेलं भाषण मंत्र्यांच्या हातात दिलं. त्यात सुवर्णाक्षरांचं वाक्य होतं. ते मंत्र्यांनी वाचलं. पुढे कागद बाजूला ठेवून ते मनाचं बोलले. म्हणाले, जिल्हा दुष्काळात होरपळत असताना ह्या कारखान्यानं आपलं कारंजं बंद ठेवलं, पाण्याचा प्रत्येक थेंब उत्पादनासाठी वापरला, हा आदर्श नव्या जिल्ह्यातल्या प्रत्येक उद्योजकानं घ्यावा. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात सबनीस साहेबांच्या. गफूरभाई माझ्या शेजारी उभे होते. “साब,” ते हळूच म्हणाले, “ये डिटेल इनकू कौन सांगा?”

पुढे कंपनी वाढली. नांदेडला दुसरं युनिट निघालं, माल परराज्यात जाऊ लागला. शकुंतलाबाई वाइंडिंगच्या सुपरवायझर झाल्या, आणि निवृत्तीपर्यंत त्यांच्या हाताखालची प्रत्येक मुलगी सही करताना आधी त्यांच्याकडे बघायची. कार्ड बदललं. आता त्यावर सात सह्या असतात. सबनीस साहेबांनी ह्या पद्धतीला ‘टोटल ट्रेसेबिलिटी’ असं नाव दिलं आणि त्यावर पुण्याच्या एका परिसंवादात निबंध वाचला. स्मरणिकेत त्याला एक स्वतंत्र पान आहे, फोटोसह.

ह्यातून मी काय शिकलो असं नवे इंजिनिअर विचारतात. एवढंच, की काहीही बिघडलं की आपण आधी ज्याचं नाव कार्डावर आहे त्याला शोधतो. ज्यांची नावं दगडावर असतात त्यांच्यापर्यंत कुणी जात नाही. आणि मीटर कुठे बसवलंय हे मीटर काय दाखवतंय याच्याआधी बघावं.

काही वर्षांनी ट्रक आत यायला अडचण होऊ लागली म्हणून गेट रुंद केलं. हौद बुजवला. कोनशिला काढून कँटीनच्या मागे नळाखाली टाकली, बायकांना जेवणाचे डबे घासायला सपाट दगड हवा होता म्हणून. मागच्या महिन्यात मी तिथे जाऊन आलो. अक्षरांवर पांढरा जाड थर बसला आहे, काही वाचता येत नाही. नळाला टँकरचं पाणी येतं.